रंगांची पेटी आणि पाचारण : चित्रकार आन्री मातीस यांची जीवनकथा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत एक चिंता डोकावू लागते. मुलगा वाईट संगतीत नाही, बुद्धीनेही कमी नाही. परंतु पुढे काय करायचे आहे, असे विचारले की तो गप्प बसतो. नातेवाईक सुचवतील त्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला जातो, वर्षे जातात, नोकरीही लागते आणि तरीही त्या तरुणाच्या चेहऱ्यावर उत्साहाची खूण उमटत नाही. अशा मुलाला आपण 'दिशाहीन' म्हणून मोकळे होतो. 'पाचारण' हा शब्द आपण बहुधा धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांच्यापुरताच राखून ठेवला आहे. प्रत्येक माणसाला परमेश्वर काही ना काही कामासाठी बोलावत असतो आणि ते बोलावणे प्रत्येकाला एकाच वयात ऐकू येत नाही, याचा विचार आपल्या मनात क्वचितच येतो.

या विषयाचा विचार करताना आम्हांला विसाव्या शतकातील थोर फ्रेंच चित्रकार आन्री मातीस यांचे जीवन वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. मातीस संत नव्हते. ते नियमित मिस्साला जाणारे भाविकही नव्हते. परंतु वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत चाचपडत राहिलेल्या या तरुणाने आयुष्याच्या अखेरीस एक चॅपल उभारले, आणि आधुनिक काळातील पवित्र कलेचा इतिहास त्या चॅपलचा उल्लेख केल्याशिवाय पूर्ण होत नाही.

बियाण्यांच्या दुकानातील थोरला मुलगा

आन्री मातीस यांचा जन्म 31 डिसेंबर 1869 रोजी उत्तर फ्रान्समधील ल कातो-कांब्रेझी या गावी, आजी-आजोबांच्या घरी झाला, आणि त्यांचे बालपण जवळच्याच बोएँ या गावात गेले. बीटच्या शेतांनी वेढलेला हा प्रदेश थंड आणि करड्या आभाळाचा. बोएँमध्ये मात्र घरोघरी हातमाग होते आणि पॅरिसच्या श्रीमंतांसाठी तेथे उंची रेशमी व मखमली कापड विणले जाई. राखाडी गावातून निघणारे ते रंगीबेरंगी कापड आन्रीने लहानपणापासून पाहिले.

वडील एमिल हे कष्टाळू, शिस्तप्रिय व्यापारी. बियाणे आणि लोखंडी सामान असा त्यांचा व्यवसाय होता. आई आना दुकानातील रंगांचा विभाग सांभाळी. गिऱ्हाइकाला घराच्या भिंतींसाठी कोणता रंग घ्यावा याचा सल्ला देई, आणि सवड मिळाली की चिनी मातीच्या भांड्यांवर स्वतः नक्षी रंगवी. आन्री थोरला मुलगा असल्यामुळे दुकान त्यानेच पुढे चालवावे अशी वडिलांची स्वाभाविक इच्छा होती. परंतु मुलाची प्रकृती तोळामासा. पोटाच्या दुखण्याने तो वरचेवर अंथरुणाला खिळे. गोणी उचलण्याचा आणि शेतकऱ्यांशी घासाघीस करण्याचा धंदा याला झेपणार नाही हे पुढे वडिलांच्याही लक्षात आले, आणि व्यवसाय धाकट्या भावाकडे गेला.

मग आन्रीचे काय करायचे? शाळेत तो फार चमकला नव्हता, फार मागेही पडला नव्हता. व्हायोलिन शिकवण्याचा प्रयत्न झाला, त्यातही त्याचे मन रमले नाही. अखेर कायद्याचे शिक्षण घेऊन त्याने वकिलाच्या कचेरीत लागावे, असा सुरक्षित मार्ग घरच्यांनी निवडला. 1887 साली सतरा वर्षांचा आन्री पॅरिसला गेला. पुढच्या वर्षी परीक्षा उत्तीर्ण झाला आणि परतला. जगातील सर्वोत्तम चित्रांचे भांडार असलेल्या त्या नगरीत त्याने जवळजवळ वर्ष काढले. मात्र लूव्र संग्रहालयाकडे त्याची पावले वळली नाहीत. आपल्याला चित्रे आवडतात हे तेव्हा त्यालाच ठाऊक नव्हते.

सें-कांतें या शहरातील एका वकिलाच्या कचेरीत तो कारकून झाला. दाव्यांच्या लांबलचक कागदपत्रांच्या नकला करणे हे त्याचे काम. ती कागदपत्रे कोणी वाचत नाही, अशी त्याची खात्री पटली होती. त्यामुळे पाने भरण्यासाठी तो अधूनमधून कवी ला फाँतेन यांच्या बोधकथाच त्यांत उतरवून काढी, असे त्याच्याविषयी सांगितले जाते. ही गोष्ट ऐकून हसू येते. पण ज्या कामात जीव नाही त्या कामात दिवसामागून दिवस ढकलणाऱ्या एका तरुणाची घुसमटही तीत दडलेली आहे. पुढे या काळाबद्दल बोलताना मातीस यांना आपण तेव्हा कशातच रस नसलेला मुलगा होतो असेच आठवत असे.

आईने दिलेली पेटी

1890 साली वयाच्या विसाव्या वर्षी आन्रीला अपेंडिक्सचे दुखणे झाले. त्या काळी हे दुखणे जिवावर बेतणारे होते. तो बरा झाला, परंतु कित्येक महिने त्याला विश्रांतीसाठी बोएँला आईवडिलांच्या घरी राहावे लागले. अंथरुणावर पडून दिवस सरता सरेना. ओळखीतला एक गृहस्थ वेळ घालवण्यासाठी छापील निसर्गचित्रांच्या रंगीत नकला करीत असे. आपणही तसे करून पाहावे असे आन्रीला वाटले. वडिलांना हा पोरखेळ वाटला. आईने मात्र त्याला रंगांची एक पेटी आणून दिली.

आपला मुलगा चित्रकार व्हावा असे काही त्या माउलीच्या मनात नव्हते. आजारी लेकराचे मन रमावे, एवढाच तिचा हेतू. परंतु ती पेटी हाती आली आणि आन्रीचे जग बदलले. इतके दिवस कंटाळा हाच ज्याचा सोबती होता, तो तासन् तास कामात बुडून जाऊ लागला. आपल्याला जणू एखाद्या स्वर्गीय ठिकाणी नेऊन सोडले आहे, जिथे आपण मोकळे आहोत, एकटे आहोत आणि शांत आहोत, असा त्या दिवसांचा अनुभव त्यांनी म्हातारपणापर्यंत जपला होता. त्याच वर्षीच्या जून महिन्यात त्याने पुस्तकांच्या गठ्ठ्याचे एक चित्र काढले. त्याच्यावरची सही त्याने गंमत म्हणून उलट्या अक्षरक्रमाने केली.

बरे झाल्यावर तो पुन्हा कचेरीत रुजू झाला. परंतु आता भल्या पहाटे, कचेरी उघडण्याआधी, तो चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागला. कापडावरील नक्षीकामाचे कारागीर घडवण्यासाठी चालवलेली ती विनामूल्य शाळा होती. सकाळचा वर्ग, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत चित्र, संध्याकाळी काम सुटले की पुन्हा चित्र, असा त्याचा दिनक्रम झाला. ज्याला लोक आळशी समजत होते त्याच्या अंगी इतकी मेहनत कुठून आली? आमच्या मते ती आधीपासूनच होती. जिथे ओतायची ती जागा तेवढी सापडली नव्हती.

वडिलांची भीती

1891 साली आन्रीने वकिलाची कचेरी सोडून पॅरिसला चित्रकला शिकण्यास जायचे ठरवले. घरात वादळ उठले. चित्रकार म्हणजे उपाशी मरणारा माणूस, अशी वडिलांची पक्की समजूत होती. गावात मान असलेल्या व्यापाऱ्याच्या मुलाने चांगली बसलेली घडी मोडावी, हे त्यांना लाजिरवाणे वाटले. आई मधे पडली आणि अखेर थोड्या मुदतीसाठी परवानगी मिळाली. दरमहा शंभर फ्रँकची बेताची रक्कमही वडिलांनी देऊ केली.

या पित्याला खलनायक ठरवण्याचे कारण नाही. त्यांनी शिव्याशाप दिले, पण पैसेही पाठवले. त्यांची भीती खोटी नव्हती, हे पुढच्या पंधरा वर्षांनी दाखवून दिले. पॅरिसमध्ये नामवंत चित्रकार बुगरो यांच्या वर्गात आन्रीला उत्तेजन मिळाले नाही. सरकारी कला विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत तो 1892 साली नापास झाला. तेव्हा त्याच विद्यालयातील सहृदय शिक्षक गुस्ताव्ह मोरो यांनी त्याला आपल्या कार्यशाळेत बसू दिले. मोरो विद्यार्थ्यांना लूव्रमध्ये पाठवून जुन्या थोर चित्रांच्या नकला करायला लावत आणि मग ज्याला त्याला आपली वाट शोधू देत. पुढे ख्रिस्ताची दुःखभरली मुखे रंगवून कॅथलिक जगतात नावाजलेले जॉर्ज रुओ हे येथेच मातीस यांचे सहाध्यायी होते. सरकारी विद्यालयाचे दार मातीस यांच्यासाठी रीतसर उघडले ते 1895 साली.

याच वर्षांत त्यांच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. 1894 साली त्यांना विवाहबंधनाबाहेर मार्गरीत नावाची मुलगी झाली. त्यांनी तिला आपले नाव दिले. 1898 साली आमेली पारेर या तरुणीशी त्यांचा विवाह झाला, आणि आमेलीने मार्गरीतला पोटच्या मुलीप्रमाणे वाढवले. पुढे जाँ आणि पिएर हे दोन मुलगे झाले. मार्गरीतला बालपणी घटसर्प झाला असता श्वास मोकळा करण्यासाठी तिच्या गळ्याला छेद द्यावा लागला. तो व्रण झाकण्यासाठी ती गळ्याभोवती काळी फीत बांधी. वडिलांनी काढलेल्या तिच्या अनेक चित्रांत ती फीत दिसते.

1896 साली मातीस यांची चित्रे एका मान्यवर प्रदर्शनात लागली आणि त्यांतील एक सरकारने विकत घेतले. बोएँला समाधान पसरले. मुलगा मार्गी लागला असे सर्वांना वाटले. परंतु थोड्याच काळात मातीस यांचे रंग उजळ होऊ लागले, जुनी करडी पद्धत त्यांनी टाकून दिली आणि गिऱ्हाइके पाठ फिरवू लागली. पत्नीने टोप्यांचे दुकान काढून घर चालवले. 1900 सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी भिंतींवर मैलोगणती वेलबुट्टी रंगवण्याचे मजुरीचे कामही त्यांनी केले. मुलांना काही काळ आजी-आजोबांकडे ठेवावे लागले. अशा ओढगस्तीतही त्यांनी थोर चित्रकार सेझान यांचे एक लहानसे चित्र विकत घेतले होते. त्यासाठी पत्नीची अंगठी गहाण पडली. कठीण काळात तेच चित्र आपला आधार होते असे ते मानत. ते विकण्याचा मोह अनेकदा होऊनही त्यांनी ते सदतीस वर्षे सांभाळले आणि 1936 साली पॅरिस शहराच्या संग्रहालयाला दान केले.

1902 साली आमेलीचे आईवडील ज्यांच्या नोकरीत होते त्या धनाढ्य कुटुंबाचा प्रचंड आर्थिक घोटाळा उघडकीस आला आणि या निरपराध वृद्ध दांपत्याची बदनामी झाली. सासऱ्यांना अटकही झाली. मातीस कुटुंब घेऊन बोएँला परतले. तेहेतीस वर्षांचा हा मुलगा पुन्हा वडिलांच्या दारात उभा राहिला, तेव्हा गावकऱ्यांनी काय म्हटले असेल याची कल्पना आपण करू शकतो.

1905 साली पॅरिसच्या शरद प्रदर्शनात मातीस आणि त्यांच्या मित्रांची भडक रंगांची चित्रे झळकली. लोक हसले, आणि एका समीक्षकाच्या लेखणीतून या मंडळींना 'वन्य पशू' हे नाव चिकटले. परंतु मातीस यांनी रंगवलेले टोपी घातलेल्या स्त्रीचे चित्र एका अमेरिकी कुटुंबाने विकत घेतले, आणि तेथून दिवस पालटले. पुढे एका रशियन व्यापाऱ्याने त्यांना मोठमोठी कामे दिली. 1917 नंतर ते भूमध्य समुद्रकाठच्या नीस येथे राहू लागले, आणि उत्तरेच्या करड्या आभाळाखाली वाढलेल्या या माणसाला तेथील उजेडाने कायमचे बांधून ठेवले.

दुसरे आजारपण

कीर्ती आली, पैसा आला. परंतु घर सुखी राहिले नाही. कामापुढे मातीस यांना दुसरे काही दिसत नसे, आणि याची किंमत कुटुंबाने मोजली. 1939 साली ते आणि आमेली विभक्त झाले. त्यापाठोपाठ दुसरे महायुद्ध सुरू झाले. जानेवारी 1941 मध्ये आतड्याच्या कर्करोगासाठी ल्यों शहरात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. नंतर गुंतागुंत होऊन ते मरणाच्या दारापर्यंत गेले. ते वाचले, तेव्हा शुश्रूषा करणाऱ्या डॉमिनिकन धर्मभगिनी त्यांना प्रेमाने 'पुनरुत्थित' म्हणू लागल्या. यापुढचे आयुष्य आपल्याला वरकड मिळालेले आहे, अशी भावना त्यांच्या मनात घर करून राहिली.

आता फार वेळ उभे राहता येत नव्हते. अंथरुणात किंवा चाकांच्या खुर्चीत बसून ते काम करीत. रंग दिलेले कागद कात्रीने कापून त्यांची चित्रे जुळवण्याची पद्धत त्यांनी याच काळात विकसित केली. बहात्तराव्या वर्षी अंथरुणाला खिळलेला माणूस एक नवीनच कला शिकत होता.

1942 साली नीस येथे त्यांना रात्रीच्या शुश्रूषेसाठी परिचारिका हवी होती. मोनिक बुर्ज्वा नावाची एकवीस वर्षांची तरुणी या कामावर आली. घरची परिस्थिती ओढगस्तीची, तब्येत नाजूक, आणि समोरचा वृद्ध गृहस्थ किती मोठा आहे याची तिला फारशी जाणीव नव्हती. आपल्या चित्राबद्दल तिचे मत त्यांनी विचारले असता, रंग आवडले पण रेखाटन तितकेसे नाही, असे तिने सरळ सांगून टाकले. खुशमस्कऱ्यांना कंटाळलेल्या मातीस यांना तिचा हा खरेपणा भावला. ती त्यांच्या काही चित्रांसाठी बसली, त्यांनी तिला रेखाटन शिकवले, आणि नातीसारखा जिव्हाळा जडला.

1943 साली बाँबहल्ल्यांच्या भीतीने मातीस नीसजवळच्या डोंगरावरील व्हांस या गावी राहायला गेले. मोनिकही क्षयातून सावरण्यासाठी त्याच गावातील डॉमिनिकन भगिनींच्या विश्रांतीगृहात राहिली. तेथे तिने निर्णय घेतला, की आपण धर्मभगिनी व्हायचे.

मातीस यांना हा निर्णय मुळीच आवडला नाही. त्यांनी तिची समजूत घातली, वाद घातले, पत्रे लिहिली. एवढी गुणी मुलगी मठाच्या भिंतींआड आपले आयुष्य घालवणार, हे त्यांना पटेना. येथे आम्हांला थबकावेसे वाटते. पन्नास वर्षांपूर्वी बोएँच्या घरात वडिलांनी ज्या भयाने मुलाची वाट अडवली होती, त्याच भयाने आता तो मुलगा, वृद्ध होऊन, एका तरुणीची वाट अडवीत होता. ज्याला स्वतःचे बोलावणे इतक्या स्पष्टपणे ऐकू आले त्यालाही दुसऱ्याचे बोलावणे ऐकू येत नव्हते. पाचारणाचे हे असेच असते. ज्याला होते त्याला ते पुरेसे असते आणि पाहणाऱ्याला तो अविचार वाटतो.

मोनिक ठाम राहिली. 1944 साली तिने डॉमिनिकन संघाचा पोशाख स्वीकारला आणि ती सिस्टर झाक-मारी झाली. मातीस यांना हळूहळू तिची वाट मान्य करावी लागली. आपलीही कामावरची निष्ठा एक प्रकारची प्रार्थनाच नव्हे काय, असा विचार त्यांच्या बोलण्यातून पुढे वारंवार डोकावू लागला. याच वर्षी त्यांच्या कुटुंबावर मोठे संकट आले. प्रतिकार चळवळीत भाग घेतल्याबद्दल आमेली आणि मार्गरीत यांना जर्मनांनी अटक केली. आमेलीला कारावास भोगावा लागला, मार्गरीतचा छळ झाला. दोघीही वाचल्या. आजारी मातीस दूर व्हांसमध्ये त्यांच्या बातमीची वाट पाहत राहिले होते.

गळक्या शेडमधून चॅपलकडे

युद्ध संपल्यावर सिस्टर झाक-मारी व्हांसला परतल्या. भगिनींना प्रार्थनेसाठी धड चॅपल नव्हते. एका गळक्या जुन्या शेडमध्ये त्यांची उपासना चाले. तेथे खिडकी बसवता येईल या विचाराने सिस्टरांनी पवित्र मरियेचे एक लहानसे जलरंगातील चित्र काढले आणि ते मातीस यांना दाखवले. त्या चित्राने मातीस यांच्या मनात ठिणगी पडली. डिसेंबर 1947 मध्ये ब्रदर रेसिगिए हे तरुण डॉमिनिकन त्यांना भेटायला आले, आणि बोलता बोलता एका खिडकीची कल्पना संपूर्ण चॅपलच्या आराखड्यापर्यंत गेली. पुढील चार वर्षे सत्तरी उलटलेल्या मातीस यांनी जवळजवळ सर्व वेळ या एकाच कामाला वाहिला. मोबदला तर घेतला नाहीच, उलट खर्चाचा मोठा भार स्वतः उचलला.

मार्ग सोपा नव्हता. नियमित उपासनेला न जाणाऱ्या, स्त्रियांची चित्रे काढून गाजलेल्या चित्रकाराकडे परमेश्वराचे मंदिर सोपवावे का, असा प्रश्न अनेकांच्या मनात होता. एकेकाळी चित्रासाठी बसलेल्या सिस्टरांचे त्यांच्याकडे येणे-जाणे काही वरिष्ठांना रुचत नव्हते, वर्तमानपत्रांतही कुजबुज होई. सिस्टरांनी हे सर्व मूकपणे सोसले आणि चॅपलची लहान प्रतिकृती आपल्या हातांनी बनवून दिली. दुसरीकडे साम्यवादी विचारांच्या पिकासो यांनाही आपल्या मित्राचा हा उद्योग पटला नव्हता. पवित्र कलेत नवे प्राण फुंकावे म्हणून झटणारे डॉमिनिकन धर्मगुरू फादर कुत्युरिए मात्र मातीस यांच्या पाठीशी उभे राहिले. संत डॉमिनिक यांच्या चित्रासाठी स्वतः समोर उभे राहण्याचेही काम त्यांनी केले.

नीस येथील आपल्या मोठ्या खोलीच्या भिंतींवर मातीस यांनी चॅपलची चित्रे प्रत्यक्ष आकारात रेखाटली. हात वर पोहोचत नसे म्हणून लांब बांबूच्या टोकाला कोळशाची कांडी बांधली होती. खिडक्यांचा पहिला आराखडा पूर्ण झाल्यावर त्यांनी तो बाजूला ठेवला, दुसराही ठेवला. तिसरा, 'जीवनाचा वृक्ष', त्यांना योग्य वाटला. त्यांत तीनच रंग आहेत: निळा, हिरवा आणि पिवळा. एका बाजूच्या या खिडक्यांतून सूर्यप्रकाश येतो आणि समोरच्या पांढऱ्याशुभ्र फरशांवर रंगांचे ओहळ सांडतात. त्या फरशांवर केवळ काळ्या रेषांनी तीन चित्रे काढली आहेत. एक संत डॉमिनिक यांचे, दुसरे फुलांच्या सान्निध्यातील पवित्र मरिया आणि बालयेशूचे. डॉमिनिक यांचा चेहरा कोरा आहे, मरियेचाही. पाहणाऱ्याने आपल्या प्रार्थनेतून तो पूर्ण करावा, असे आम्हांला तेथे वाटते.

तिसरे चित्र क्रूसाच्या वाटेचे. आपल्या चर्चमध्ये चौदा स्थाने भिंतीवर क्रमाने लावलेली असतात. मातीस यांनी ती सर्व एकाच भिंतीवर, खालून वर चढत जाणाऱ्या एका वाटेसारखी एकत्र मांडली. रेषा खडबडीत, घाईत ओढल्यासारख्या आहेत. प्रथम पाहणाऱ्याला त्या ओबडधोबड वाटतात, आणि तेव्हाही अनेकांना वाटल्या होत्या. परंतु या रेषा ठरवून तशा ओढल्या आहेत. त्याआधी प्रत्येक प्रसंगाचा त्यांनी कसून अभ्यास केला होता. संपूर्ण चॅपलमध्ये चेहरा स्पष्ट उमटला आहे तो एकाच ठिकाणी: वेरोनिकेच्या रुमालावर, प्रभू येशूचा.

वेदीसाठी त्यांनी भाकरीच्या रंगाचा दगड निवडला आणि ती तिरकी बसवली, जेणेकरून एका बाजूला बसणाऱ्या भगिनी आणि समोर बसणारे भाविक या दोघांकडेही तिचे मुख राहील. क्रूस, मेणबत्त्यांची घरे, प्रसादपेटीचे दार, मिस्साच्या वेळी धर्मगुरू अंगावर घेतात ते निरनिराळ्या रंगांचे झगे, हे सर्व त्यांनीच योजले. वेदी कोणाची आहे आणि तिच्याभोवती कोण जमणार आहे, याचा विचार त्यांनी रंगांइतकाच केला होता.

डिसेंबर 1949 मध्ये पायाभरणी झाली आणि 25 जून 1951 रोजी नीसचे बिशप रेमों यांच्या हस्ते पवित्र जपमाळेच्या या चॅपलचे अर्पण झाले. प्रकृती ढासळल्यामुळे मातीस यांना उपस्थित राहता आले नाही. त्यांनी पत्र पाठवले. आयुष्यभर काढलेल्या शेकडो चित्रांमध्ये हे चॅपल आपले सर्वश्रेष्ठ काम आहे, असे ते त्यात उणिवांसह मान्य करतात. 3 नोव्हेंबर 1954 रोजी नीस येथे वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि तेथील सिमिए टेकडीवरील दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. सिस्टर झाक-मारी 2005 सालापर्यंत जगल्या. चॅपलसाठी काढलेले पूर्ण आकाराचे आराखडे व्हॅटिकनच्या संग्रहालयाकडे आले आणि 2011 साली त्यांच्यासाठी तेथे स्वतंत्र दालन उघडण्यात आले.

आपल्यासाठी

मातीस अखेरीस परमेश्वराच्या किती जवळ पोहोचले, याचा निवाडा करणे आमचे काम नाही. ते फक्त परमेश्वरालाच ठाऊक. आम्हांला दिसते ते एवढेच, की या दीर्घ जीवनात दोन आजारपणे आली आणि दोन्ही वेळा एका स्त्रीने, फारसा विचार न करता, त्यांच्या हाती काहीतरी ठेवले. आईने रंगांची पेटी ठेवली, सिस्टरांनी खिडकीचे एक साधे चित्र ठेवले. पुढे काय होणार हे दोघींनाही माहीत नव्हते.

आपल्या मुलांचे भवितव्य आपल्याला ठरवता येत नाही. वडिलांसारखी काळजी वाटणे चूक नाही. पैसे पाठवून ती काळजी निभावणे तर मोठेच. परंतु घरात एखादा मुलगा किंवा मुलगी गप्प बसून असेल, तर निकालाच्या टक्क्यांपलीकडे जाऊन आपण त्याच्या हाती काय देऊन पाहिले, हा प्रश्न आईवडिलांनी, धर्मग्रामाने, युवक मंडळांनी आणि आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांनीही स्वतःला विचारावा. पेटी महाग असावी लागत नाही. व्हायोलिनसारखी ती कदाचित कोपऱ्यात पडून राहील, आणि मग दुसरे काही द्यावे लागेल. आणि उद्या आपल्याच मुलाने किंवा मुलीने आपल्याला न समजणारे पाचारण स्वीकारले, मग ते कलेचे असो, सेवेचे असो वा मठाचे असो, तर मातीस यांच्याप्रमाणे आपणही थोडा वाद घालू. त्यानंतर मात्र वाट मोकळी करून देण्याची कृपा परमपिता आपल्याला देवो.